बॉम्ब आहे की नाही, हे ठरवतं कोण?

1985 ते 1989 या काळात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी संसदेला एक प्रमाणपत्र सही करून दिलं. पाकिस्तानच्या ताब्यात अणुस्फोटक साधन नाही, आणि आपली मदत चालू राहिली तर ते त्याच्याकडे येण्याचा धोका बराच कमी होईल, असा त्यातला मजकूर. या सहीशिवाय मदतीचा एक डॉलर हलणार नाही, अशी तरतूद प्रेसलर दुरुस्तीत होती. सही रेगन यांनी केली, नंतर थोरल्या बुश यांनीही केली.

अमेरिकी हेरखात्याला काही माहीत नव्हतं म्हणून हे घडलं, असं मुळीच नाही. पाकिस्तानातल्या कहुता इथल्या सेंट्रिफ्यूजच्या (युरेनियम वेगाने फिरवून त्यातला बॉम्बला लागणारा अंश वाढवणाऱ्या, म्हणजे ते 'समृद्ध' करणाऱ्या यंत्रांच्या) कारखान्याची माहिती सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच वॉशिंग्टनला होती, आणि त्यावरूनच कार्टर यांनी 1979 च्या एप्रिलमध्ये मदत तोडली होती. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि 1981 मध्ये तीच मदत 3.2 अब्ज डॉलरची होऊन परत आली. 1982 मध्ये रेगन यांनी आपले दूत व्हर्नन वॉल्टर्स यांना इस्लामाबादला धाडून झिया-उल-हक यांच्यासमोर पुरावे ठेवले. झियांनी साफ कानांवर हात ठेवले. 1984 मध्ये रेगन यांनी पत्र लिहून रेषा आखून दिली की युरेनियम 5 टक्क्यांपलीकडे समृद्ध करू नका. ती रेषा ओलांडली गेली. 1987 च्या मार्चमध्ये पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमातले शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांची भारतीय पत्रकार कुलदीप नय्यर यांनी घेतलेली मुलाखत छापून आली, पाकिस्तानला बॉम्ब जमला आहे असं सुचवणारी. त्याच जुलैत मारेजिंग पोलाद पाकिस्तानसाठी मिळवण्याच्या खटपटीतला एक खरेदीदार फिलाडेल्फियात पकडला गेला. हे पोलाद सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या भागांसाठी लागतं, दुसरे उपयोग मोजकेच. तरीही त्या वर्षाअखेरीस प्रमाणपत्र निघालंच.

खोटी सही न करता हे कसं जमलं? उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. प्रश्न 'बनवू शकतो का' असा नव्हता, 'ताब्यात आहे का' असा होता. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, गाभ्याचा धातू अजून घडवलेला नाही, जोडणी झालेली नाही. मग 'ताब्यात' नाही, असं वकिली तर्काने म्हणता येतं. हेरखात्याने दिलेला निष्कर्ष बरोबर आणि सरकारने केलेलं विधान तांत्रिकदृष्ट्या खरं, असं एकाच वेळी घडत होतं. 15 फेब्रुवारी 1989 रोजी शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर पडला. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये बुश यांनी सही करायला नकार दिला. दरम्यान पाकिस्ताननेही पुढचं पाऊल टाकल्याचा अमेरिकी अंदाज होता, हे खरं. पण अफगाण युद्ध चालू असतं तर त्याच अंदाजावर सही झाली नसती, यावर माझा विश्वास नाही. पैसे भरलेली 28 एफ-16 विमानं अमेरिकेतच अडकून पडली.

अण्वस्त्रांबाबत हेरखात्याचे निष्कर्ष धोरण कसं घडवतात, हे समजून घ्यायचं तर हे प्रकरण 2003 च्या इराक युद्धापेक्षाही जास्त शिकवतं. निष्कर्ष आणि धोरण यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते: कुठल्या पायरीला 'अण्वस्त्र' म्हणायचं याची व्याख्या. ती व्याख्या विश्लेषक ठरवत नाहीत. कायदा ठरवतो, करार ठरवतो, किंवा एखाद्या पंतप्रधानाने भाषणात आखलेली लाल रेषा ठरवते.

आता पायऱ्यांकडे बघू, कारण सगळ्या पायऱ्या सारख्या दिसत नाहीत. अणुभट्टी लपवणं कठीण. तिला थंड करायला पाणी लागतं, उष्णता बाहेर पडते, बांधकाम अवजड असतं, उपग्रहातून इमारतीचा पाया पडल्यापासून दिसतं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढताना क्रिप्टॉन-85 हा वायू सुटतो आणि तो हवेत मोजता येतो. सेंट्रिफ्यूजचा कारखाना मात्र बाहेरून गोदामासारखा दिसतो. वीज फार खात नाही, धूर सोडत नाही. म्हणून तिथे इमारतीपेक्षा खरेदीवर नजर ठेवतात: मारेजिंग पोलाद, कार्बन फायबर, व्हॅक्यूम पंप, विजेची वारंवारता बदलणारे इन्व्हर्टर. यांतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी उद्योगातही लागते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. शेवटची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष शस्त्राची रचना, सगळ्यांत आंधळी. थोडी माणसं, काही संगणक, पारंपरिक स्फोटकांच्या काही चाचण्या. तिथे उपग्रह जवळजवळ निरुपयोगी. माणूस फुटला किंवा कागद हाती लागले तरच काही कळतं.

आणि हेतू? तो तर कुठल्याच यंत्रात दिसत नाही. मालाबद्दलचे अंदाज बऱ्यापैकी भक्कम असतात, आराखड्याबद्दलचे पातळ, आणि राज्यकर्त्याच्या मनाबद्दलचे बहुतेक तर्कच. बातमीत मात्र तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेले असतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बपुरता माल म्हणून 8 किलो प्लुटोनियम किंवा उच्च समृद्ध युरेनियममधलं 25 किलो यू-235 (युरेनियमचा बॉम्बला लागणारा प्रकार) हे माप धरते. नैसर्गिक युरेनियममध्ये यू-235 फक्त 0.7 टक्के. शस्त्रासाठी 90 च्या आसपास लागतं. पण 0.7 वरून 4 टक्क्यांवर आणण्यातच एकूण कामाचा निम्म्याहून बराच मोठा वाटा संपतो, आणि 20 च्या पुढचा प्रवास झपाट्याने होतो. 'वीजनिर्मितीसाठी फक्त 4 टक्के' हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं, परराष्ट्र खात्यांना ते तसं वाटत नाही, त्यामागे हे गणित आहे.

सेंट्रिफ्यूजच्या खरेदीतला घोळ नेमका कसा होतो, ते इराकच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत जवळून बघता येतं. इराकने मागवलेल्या या नळ्यांपैकी एक खेप 2001 मध्ये जॉर्डनमध्ये अडवली गेली. मिश्रधातू 7075-टी6, बाहेरचा व्यास 81 मिलिमीटर, लांबी 900, भिंतीची जाडी 3.3. सीआयएचं म्हणणं, इतक्या मजबूत नळ्या आणि मापांत इतका काटेकोरपणा सेंट्रिफ्यूजसाठीच हवा. ऊर्जा विभागातले शास्त्रज्ञ, ज्यांनी स्वतः सेंट्रिफ्यूज चालवले होते, ते म्हणाले की भिंत फार जाड आहे. तशा रचनेच्या सेंट्रिफ्यूजची भिंत मिलिमीटरभर असते. शिवाय नळ्यांवर ॲनोडायझिंगचा थर मागितला होता, जो सेंट्रिफ्यूजसाठी खरवडून काढावा लागला असता आणि उघड्यावर ठेवलेल्या रॉकेटला गंजापासून वाचवायला उपयोगी होता. इराककडे इटालियन बनावटीवरून उतरवलेलं 81 मिलिमीटरचं रॉकेट होतंच, त्याच धातूचं, त्याच मापाचं. मग इतका काटेकोरपणा का? रॉकेटं नीट नेमावर जात नव्हती आणि इंजिनियरांनी माप आवळून तो दोष घालवायचा प्रयत्न चालवला होता. तितकंच.

इराकबद्दलचा ऑक्टोबर 2002 चा राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाज, म्हणजे सगळ्या अमेरिकी हेरसंस्थांचा एकत्रित निष्कर्ष, जेमतेम तीन आठवड्यांत लिहून काढला गेला, तोही सिनेटरांनी मागितला म्हणून. उपाध्यक्ष चेनी यांचं युद्धाच्या दिशेने जाणारं भाषण ऑगस्टमध्येच होऊन गेलं होतं. म्हणजे धोरण पुढे आणि अंदाज मागून धावत, असा उलटा क्रम. नळ्यांबाबतची असहमती त्या अंदाजात छापलेली आहे, लपवलेली नाही. पण दोन गोष्टी घडल्या. एक, ऊर्जा विभागाने नळ्यांबद्दल विरोध नोंदवूनही 'इराक अणुकार्यक्रम पुन्हा उभारतो आहे' या मुख्य निष्कर्षाला इतर कारणांवरून होकार दिला. नळ्या हाच कणा असताना कणा काढून शरीर उभं ठेवण्यातला हा प्रकार होता. मुख्य निष्कर्षालाच विरोध केला तो परराष्ट्र खात्याच्या छोट्या गुप्तवार्ता विभागाने. दुसरी, त्याच महिन्यात जनतेसाठी काढलेल्या आटोपशीर आवृत्तीत 'काहींच्या मते या नळ्या बहुधा पारंपरिक शस्त्रांसाठी आहेत' एवढंच राहिलं. हे 'काही' म्हणजे देशातले सेंट्रिफ्यूजचे सर्वांत जाणकार लोक, हे वाचणाऱ्याला कळायची सोय नव्हती.

त्यापुढे इराक आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम घेत असल्याचं दाखवणारी कागदपत्रं. ती बनावट असल्याचं अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी 7 मार्च 2003 रोजी सुरक्षा परिषदेत सांगितलं. एका पत्रावर 2000 सालची तारीख आणि खाली अशा परराष्ट्रमंत्र्याची सही, जो त्या पदावरून दहा वर्षांपूर्वीच गेला होता. इंटरनेटवर शोधूनही हे पकडता आलं असतं. वीस तारखेला युद्ध सुरू झालं.

इराकचा धडा म्हणून 'हेरखात्याने अंदाज अधिक जपून लिहावेत' असं सगळे म्हणाले. पाच वर्षांनी ते जपून लिहिले गेले, आणि वेगळीच पंचाईत झाली.

3 डिसेंबर 2007 रोजी इराणविषयीच्या अंदाजाचा सारांश जाहीर झाला. पहिलंच वाक्य: 2003 च्या शरद ऋतूत तेहरानने आपला अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला, असं आम्ही उच्च खात्रीने मानतो. त्याच वाक्याला तळटीप होती. तिच्यात म्हटलं होतं की 'अण्वस्त्र कार्यक्रम' म्हणजे शस्त्राची रचना, शस्त्र घडवण्याचं काम आणि गुप्तपणे चाललेलं समृद्धीकरण. इराणच्या नतान्झ कारखान्यातलं जाहीर समृद्धीकरण यात धरलेलं नाही. म्हणजे सर्वांत अवघड आणि वेळखाऊ पायरी जोरात चालू होती, थांबली होती ती तुलनेने लवकर पुन्हा सुरू करता येण्यासारखी. विश्लेषकांच्या दृष्टीने सारांश बिनचूक होता. मथळे मात्र 'इराणचा बॉम्ब कार्यक्रम बंद' असे आले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत धाकट्या बुश यांनी लिहिलं आहे की या अंदाजाने लष्करी कारवाईच्या बाबतीत त्यांचे हात बांधले गेले. सुरक्षा परिषदेत निर्बंधांचा पुढचा ठराव 2008 च्या मार्चमध्ये झाला खरा, पण त्याला फारसे दात नव्हते.

या अंदाजांच्या भाषेत एक खाच आहे, ती न ओळखल्यामुळे मंत्रीसुद्धा फसतात. 'शक्यता आहे' आणि 'खात्री आहे' ही दोन वेगळी मापं आहेत. शक्यता घटनेबद्दल बोलते. सध्याच्या अमेरिकी नियमांत 'संभाव्य' म्हणजे 55 ते 80 टक्के, 'फार संभाव्य' म्हणजे 80 ते 95. खात्री मात्र पुराव्याच्या दर्जाबद्दल बोलते: स्रोत किती, एकमेकांपासून स्वतंत्र किती, तर्कात गाळलेल्या जागा किती. 'कमी खात्रीने' याचा अर्थ 'बहुधा खोटं' असा होत नाही. 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' असल्याचं एका अंदाजात लिहिलं गेलं. नंतर सीआयएचे शर्मन केंट यांनी तो लिहिणाऱ्यांनाच विचारलं, तुमच्या मनात आकडा कोणता होता? उत्तरं 20 पासून 80 टक्क्यांपर्यंत आली. लिहिणाऱ्यांचीच ही गत, तर वाचणाऱ्यांचं काय?

खात्रीचा हा दर्जा थेट धोरणात कसा उतरतो, याचं स्वच्छ उदाहरण सीरियातलं आहे. 2007 मध्ये इस्रायलने अमेरिकेला अल किबार इथल्या इमारतीची आतली छायाचित्रं दाखवली. उत्तर कोरियाच्या योंगब्योनसारखी, ग्रॅफाइट वापरणारी, वायूने थंड होणारी अणुभट्टी. ती अणुभट्टी असल्याबद्दल अमेरिकी विश्लेषकांना उच्च खात्री होती. पण ती शस्त्र कार्यक्रमाचा भाग असल्याबद्दल कमी खात्री, कारण प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना सापडला नव्हता, शस्त्र घडवणाऱ्या गटाचाही मागमूस नव्हता. व्यवहारात विचार केला तर वाळवंटात लपवलेली, विजेच्या तारा न जोडलेली अणुभट्टी दुसऱ्या कशासाठी असेल? तरीही हेरखातं 'शस्त्र कार्यक्रम' म्हणत नाही तोवर हल्ला करता येणार नाही, असं बुश यांनी इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांना कळवलं. इराकची सावली होती ती. इस्रायलची व्याख्या वेगळी होती: अणुभट्टी चालू होण्याआधी जायलाच हवी. 6 सप्टेंबर 2007 रोजी ती गेली. पुरावा दोघांकडे तोच होता.

निष्कर्ष बरोबर असला म्हणजे धोरण बरोबर येतं, हाही भ्रम. अमेरिकेशी झालेल्या 1994 च्या करारामुळे उत्तर कोरियाचं प्लुटोनियम गोठवलेलं होतं. वापरलेल्या इंधनाच्या सुमारे 8,000 सळ्या निरीक्षकांच्या नजरेखाली तलावात पडून होत्या. 2002 मध्ये अमेरिकी हेरखात्याने सांगितलं की प्याँगयांग छुप्या मार्गाने युरेनियमही समृद्ध करू पाहतंय. ऑक्टोबरात अमेरिकी दूत जेम्स केली यांनी तिथे जाऊन हे तोंडावर सांगितलं. करार कोसळला. डिसेंबरअखेर निरीक्षकांची हकालपट्टी झाली, सळ्यांमधलं प्लुटोनियम निघालं आणि 9 ऑक्टोबर 2006 रोजी पहिली चाचणी झाली. दरम्यान 2007 मध्ये युरेनियमबाबतची खात्री 'मध्यम' असल्याचं अमेरिकी अधिकाऱ्याने सिनेटमध्ये सांगितलं. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये शास्त्रज्ञ सिगफ्रिड हेकर यांना योंगब्योनमध्ये सुमारे 2,000 सेंट्रिफ्यूजचा चकचकीत कारखाना दाखवण्यात आला. म्हणजे संशय मुळात खरा होता. पण दूरच्या, अर्धवट कार्यक्रमावर बोट ठेवण्याच्या नादात हाताशी असलेल्या, मोजलेल्या प्लुटोनियमवरचं कुलूप गेलं.

पुरावा दाखवण्याचीही किंमत असते. ती आपल्याकडच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. 1995 च्या डिसेंबरात पोखरणमधली हालचाल अमेरिकी उपग्रहांना दिसली, राजदूत फ्रँक विझनर यांनी दिल्लीत छायाचित्रं पुढे केली, 15 तारखेला न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली आणि चाचणी थांबली. त्या क्षणी ते गुप्तवार्तेचं यश होतं. पण कुठल्या खुणांवरून आपण पकडले गेलो, हेही त्याच छायाचित्रांनी भारताला शिकवलं. 1998 मध्ये काम मुख्यतः रात्री चाललं, यंत्रं पहाटेच्या आत पूर्वीच्या जागी गेली, वाळूचे ढिगारे वाऱ्याने घडवल्यासारखे राखले गेले. 11 मेच्या स्फोटांची बातमी वॉशिंग्टनला दिल्लीच्या घोषणेतून मिळाली. ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांच्या चौकशीने दोष फक्त उपग्रहांना दिला नाही. भाजपने जाहीरनाम्यात अण्वस्त्रांबद्दल उघड लिहिलं होतं. सत्तेत आल्यावर कोणी तसं खरंच करत नसतं, हे विश्लेषक आणि धोरणकर्ते दोघांनीही गृहीत धरलं होतं. जाहीरनामा वाचायला हेर लागत नाहीत.

इराणच्या फोर्दो इथल्या छुप्या सेंट्रिफ्यूज कारखान्याच्या वेळी अमेरिकेने हेच जास्त शहाणपणाने केलं. कुम शहराजवळ डोंगरात खोदलेल्या या कारखान्याची माहिती असूनही वाच्यता केली नाही, फाइल जाड होऊ दिली. इराणला सुगावा लागला आणि 21 सप्टेंबर 2009 रोजी त्याने अणुऊर्जा संस्थेला घाईने पत्र लिहिलं. चार दिवसांनी पिट्सबर्गमध्ये ओबामा, ब्रिटनचे ब्राउन आणि फ्रान्सचे सार्कोझी यांनी एकत्र उभं राहून सगळं जाहीर केलं. जागा सुमारे 3,000 सेंट्रिफ्यूजची. वीजकेंद्राला इंधन पुरवायला फारच अपुरी, पण वर्षाकाठी एखाद्या बॉम्बचा माल काढायला पुरेशी. हा एकच हिशेब हेतूबद्दलच्या कितीही भाषणांपेक्षा जास्त पटणारा होता. सुरक्षा परिषदेच्या 2010 च्या जूनमधल्या निर्बंधांच्या ठराव 1929 ला रशिया आणि चीन दोघांनी मत दिलं. इराणशी झालेला 2015 चा करार तर पूर्णपणे मोजता येणाऱ्या पायऱ्यांवर उभा होता: 3.67 टक्क्यांपर्यंतच समृद्धीकरण, 300 किलोची साठामर्यादा, नतान्झमध्ये 5,060 सेंट्रिफ्यूज, आणि एका बॉम्बचा माल जमवायला दोन-तीन महिन्यांऐवजी किमान वर्ष लागावं हे उद्दिष्ट. हेतूचा प्रश्न करारकर्त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला.

8 मे 2018 रोजी अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि प्रश्न पुन्हा हेतूवर आला. 25 मार्च 2025 रोजी तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक असलेल्या तुलसी गबार्ड यांनी सिनेट समितीला सांगितलं की इराण अण्वस्त्र बनवत नाही, असंच हेरखात्याचं मत आहे. त्याच निवेदनात त्यांनी समृद्ध युरेनियमचा साठा अण्वस्त्र नसलेल्या देशासाठी अभूतपूर्व असल्याचंही म्हटलं होतं. दोन्ही वाक्यं खरी. जूनमध्ये ट्रम्प यांनी पहिलं वाक्य चूक ठरवलं, इस्रायलने 13 तारखेला हल्ला केला, 22 ला अमेरिकी बॉम्ब फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर पडले. तेव्हा इराणकडे 60 टक्के समृद्ध युरेनियम 440.9 किलो असल्याचा अणुऊर्जा संस्थेचा हिशेब होता, आणि तिच्या मापाने सुमारे 42 किलो एका बॉम्बला पुरतात.

हल्ल्यानंतरच्या महिन्यांत निरीक्षकांना त्या साठ्याची पडताळणी करता आली नाही. आधी वादाचा विषय होता तो हेतू. किलो आणि टक्के दर तीन महिन्यांनी अहवालात छापून येत होते. आता हेतूबरोबर किलोही अंदाजाच्या रकान्यात गेले, आणि तो साठा ज्यांत ठेवला होता त्या, पाणबुड्याच्या पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरएवढ्या पिंपांचा माग काढण्याचं काम उपग्रह आणि खबऱ्यांवर येऊन पडलं.